आजेसासूबाईंची वाकळ उसवू नका, वरून टाका घाला

कोपरखैरण्याहून एका ताईंनी विचारलंय: "आजेसासूबाईंनी शिवलेली वाकळ आमच्याकडे आहे. सासरे पाटण तालुक्यातून दाणाबंदरला माथाडी कामाला आले, तेव्हा ती सोबत आणली होती. आता वरचं कापड जागोजागी फाटलंय, दोन कोपरे गेलेत, कुबट वास येतो. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. दोन्ही नणंदांना आणि आम्हाला, तिघांनाही वाकळ हवी आहे. कापून तीन भाग करावेत का? धुवावी का? वरून नवं कापड घालून मशीनवर शिवली तर टिकेल का? आणि सासूबाईंच्या साड्यांची नवी शिवायची झाली तर कशी?"

ताई, आधी कात्री कपाटात ठेवून द्या. बाकी सगळं नंतर.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. नव्या गोधड्या शिवणं आणि जुन्या सांधणं हेच काम गेली सव्वीस वर्षं करतेय. शिकले आत्याकडून, कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी, त्यामुळे 'वाकळ' हा शब्द वाचला की अजून तिचा हात आठवतो. इकडे ठाण्यात आणि कोकणात गोधडी म्हणतात. उत्तर कर्नाटकात तिची कौदी होते. उल्हासनगरच्या सिंधी घरांतून माझ्याकडे रल्ली येते, तिच्यावरची नक्षी अगदी वेगळी. पण जुनं कापड एकावर एक घालायचं आणि धावदोऱ्याने टाचायचं, एवढं सगळ्यांत सारखंच.

वाकळ कशी उभी राहते ते समजलं की काय करायचं आणि काय नाही ते आपोआप कळतं. हिच्यात कापूस नसतो. रजईची खोळ वेगळी, आतला कापूस वेगळा. टाके पडतात ते कापूस एका जागी राहावा म्हणून. वाकळीची भर म्हणजे जुनेरं. नेसून नेसून मऊ झालेलं लुगडं, धोतर, पटका, चोळीचे खण, पोरांचे सदरे. यातलं एकेकटं कापड ओढलं तर टर्रकन फाटेल. तीच पाच-सहा कापडं बोटाबोटाच्या अंतराने टाचली की पुढची वीस-तीस वर्षं अंगावर राहतात. म्हणजे वाकळीचा सगळा जीव टाक्यात आहे.

आणि तो टाका बहुतेक वाकळींत बाहेरच्या कडेने सुरू होतो. एका कोपऱ्यातून निघून चारही बाजूंनी फिरतो, मग एक बोट आत, पुन्हा फेरी, असं करत मध्यावर येऊन थांबतो. तुमची वाकळ उजेडात धरा आणि टाक्याची रेघ बोटाने धरून चाला, तुम्हाला ही वाट दिसेल. आता तिच्यावर कात्री चालवली की काय होईल? प्रत्येक फेरी कापली जाईल. शेकडो ठिकाणी दोऱ्याची टोकं मोकळी होतील, आणि धावदोरा मोकळ्या टोकाकडून सुटतच जातो. मशीनने कडा बंद केल्या तरी आतली विरलेली कापडं त्या शिवणीपाशीच फाटतील. तिघांच्याही हाती वर्षभरात चिंध्या येतील. उशीचे अभ्रे करायचा सल्ला कुणी दिला असेल तर त्यालाही हेच कारण सांगा.

दुसरी गोष्ट, ही वाकळ आजेसासूबाईंनी शिवली असं तुम्ही म्हणता, पण तिच्या पोटात त्यांच्याही आधीचं काही असू शकतं. दोन वर्षांपूर्वी ऐरोलीहून एक वाकळ माझ्याकडे आली. एक कोपरा उकललेला होता. बोथट सुईने मी एकेक पदर अलगद उचलत गेले. वर इरकलीचं जुनेर, रंग पार उतरलेला, पण काठाची तांबडी रेघ जिवंत. त्याखाली धोतर, पिवळं पडलेलं. त्याखाली खाकी हाफपँट, शिवण उसवून पसरून घातलेली. खिसा मात्र तसाच होता आणि खिशाच्या तोंडाला दोन टाके मारून ठेवले होते. आणि त्या हाफपँटखाली अख्खी दुसरी वाकळ, तिच्या स्वतःच्या टाक्यांसकट. वरच्या वाकळीत इंचाला तीन टाके पडत होते, आतल्या वाकळीत पाच. दोऱ्याचा रंग वेगळा, रेघांची दिशाही वेगळी. आतली बाई बारीक हाताची होती एवढं मला कळलं. कोण होती ते त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. वरचीने आतलीचं काम उसवलं नाही. तसंच पोटात घेतलं आणि वर आपला थर घातला.

मी सांगते ती पद्धत हीच आहे, ताई. जुनं सोडवायचं नाही, वरून घालायचं.

आता तुमच्या वाकळीकडे येऊ. हात लावायच्या आधी ती नीट बघायला हवी. पलंगावर धुतलेली पांढरी चादर अंथरा, तिच्यावर वाकळ पसरा आणि खिडकीतल्या उजेडात बघा. ट्यूबच्या उजेडात विरलेलं कापड आणि डाग यांतला फरक कळत नाही. फाटलेल्या ठिकाणी बोटाने अगदी हलकं चाचपा. कापड मऊ पण चिवट लागलं तर बरं आहे. कागदासारखं लागलं किंवा त्याची पूड झाली, तर त्या जागी सुई घालायचीच नाही. काळ्या आणि गडद चॉकलेटी छापाचं कापड बऱ्याचदा असं झालेलं असतं. जुन्या काळ्या रंगांत लोह असायचं, ते वर्षानुवर्षं कापडाला खातं. म्हणून फुलाचा छाप असेल तर फूल गळून भोक उरतं आणि बाजूची जमीन धड असते. हा तुमच्या हाताळणीचा दोष नाही.

कुठल्या पदरात काय आहे ते ओळखायलाही शिका. सुटून आलेला एखादा धागा चिमट्यात धरून पेटवा, पण वाकळीपासून लांब, मोरीत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख भुरभुरीत होते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. टेरिकॉटचा धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. हे का बघायचं? लोकर पाण्यात आटते. ठाण्यात १९२५ साली सुरू झालेली रेमंडची गिरणी होती, तिच्या लोकरी कापडाचे तुकडे इथल्या कित्येक गोधड्यांत मला सापडलेत. सुती पदरांमध्ये असा एक लोकरी तुकडा असला आणि गोधडी गरम पाण्यात बुडवली की तेवढाच भाग आक्रसतो आणि भोवतीचं कापड ओढून फाडतो. एखाद्या पदराच्या कडेला गिरणीचा शिक्का दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा. घरातल्या कुणी गिरणीत काम केलं असेल तर तो शिक्का बघून आठवणी निघतात.

कुबट वास म्हणजे बुरशी. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एका बाजूला खाडी, आणि आपण ठेवतो कुठे? पलंगाच्या खणात, बाहेरच्या भिंतीला लागून, ब्लँकेटसोबत आलेल्या चेनच्या प्लास्टिक पिशवीत. त्या पिशवीत कापड घामेजतं. आधी वाकळ पिशवीबाहेर काढा. कोरडा दिवस बघून खिडकीजवळ पसरून ठेवा, पंखा लावा, तीन-चार दिवस उलटपालट करत राहा. पांढरे ठिपके दिसत असतील तर गॅलरीत नेऊन, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटका; घरात झटकलंत तर बुरशी कपाटात जाईल. सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर चालेल. दुपारच्या उन्हात दिवसभर टाकून ठेवू नका, जुने रंग आणि जुना धागा दोन्ही उन्हाने मरतात. बऱ्याच वाकळींचा वास एवढ्यानेच जातो आणि धुवायची गरज उरत नाही.

धुणं ही सगळ्यात धोक्याची पायरी आहे, म्हणून इथे जरा थांबते. काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षात एका आजींची गोधडी मी माझ्या हाताने धुतली होती. काळजी घेतली, साबण सौम्य घेतला, आणि भिजलेली गोधडी दोन्ही कोपरे धरून बादलीतून वर उचलली. कोरडी दोन किलोंची गोधडी पाणी पिऊन पाच-सहा किलोंची होते. ते सगळं वजन वरच्या दोन हातभर कापडावर आलं आणि मधोमध ती उभी फाटली. त्या आजी काही बोलल्या नाहीत, नुसता तिच्यावरून हात फिरवत राहिल्या. ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून कुठलीही जुनी गोधडी मी नुसती उचलत नाही. खाली चादर किंवा जाळीचं कापड घालायचं आणि झोळी करून चौघांनी चार टोकं धरून उचलायचं.

धुवायच्या आधी रंगाची परीक्षा घ्या. पांढरं सुती फडकं ओलं करून प्रत्येक रंगाच्या तुकड्यावर एक मिनिट दाबून धरा. मग तेच साबणाच्या पाण्याने करा. फडक्यावर जरा जरी रंग आला तरी वाकळ पाण्यात घालायची नाही. लाल, काळा आणि गडद हिरवा यांच्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. मीठ किंवा व्हिनेगर टाकलं की रंग पक्का होतो असं कुणी सांगेल; कच्चा रंग त्याने पक्का होत नाही, आणि एकदा शेजारच्या पांढऱ्यावर उतरला की तो काढता येत नाही.

रंग पक्का निघाला, कापडात जीव असला, तरच धुवा, आणि पावसाळ्यात कधीच नाही. आपल्याकडे दसरा काढायची रीत आहे. नवरात्राआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर नेऊन धुवायची. आत्याच्या गावी त्या आठवड्यात कृष्णेचा काठ गोधड्यांनी झाकलेला असायचा. ही रीत शहाणपणाची होती, पाऊस सरत आलेला असतो आणि ऊन परत आलेलं असतं. आपण ठाण्या-नवी मुंबईत परतीच्या पावसाचा अंदाज घेऊन ऑक्टोबरचे कोरडे चार दिवस धरायचे. मुलांचा हवा भरायचा टब असतो ना, तो या कामाला उत्तम. तळाशी चादर, तिच्यावर वाकळ, साधं गार पाणी. रिठ्याचं गाळलेलं पाणी किंवा लोकरी कपड्यांचा पातळ साबण, तोही थोडाच. चोळायचं नाही, आपटायचं नाही, पिळायचं नाही, ब्लीच तर नाहीच. हाताच्या तळव्याने नुसतं दाबायचं. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी बदलत राहायचं. मग टब कलता करून पाणी जाऊ द्यायचं, जाड टॉवेल वर-खाली घालून दाबायचं आणि कपडे वाळवायच्या स्टँडवर चादरीसकट आडवी पसरायची. दोरीवर किंवा दांडीवर टांगायची नाही. खालून पंखा. संध्याकाळपर्यंत आतला पदर कोरडा व्हायला हवा, नाहीतर पुन्हा कुबट वास.

आता सांधणं. मला विचाराल तर साहित्याची निवड हेच अर्धं काम. दोरा सुती हवा. दुकानदार पॉलिस्टरचं रीळ काढून देईल, मजबूत म्हणून. तीच तर अडचण आहे. जुन्या मऊ कापडातून मजबूत दोरा गेला की ओढ पडल्यावर दोरा तुटत नाही, कापड चिरतं. टाका तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड पुन्हा विणता येत नाही. भरतकामाच्या सुती लडीत सहा पदर असतात, त्यातले दोन काढून घेतले की झालं. दोऱ्यावरून मेण फिरवा म्हणजे गुंता होत नाही. सुई बारीक. गोधडीची जाड लांब सुई नव्या कापडाला ठीक, विरलेल्या कापडात ती भोकं पाडते.

ठिगळासाठी कोरं कडक कापड घेऊ नका. घरातलं जुनं सुती पातळ, पंचा, मुलाचा मऊ झालेला सदरा, हे सगळ्यात चांगलं. बाजारातूनच घ्यायचं तर मलमल घ्या आणि दोनदा धुवून आटवून घ्या. भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन बोटं मोठा तुकडा कापा, कारण भोकाच्या कडेचं कापडही थकलेलं असतं आणि टाका धड कापडात पडला पाहिजे. फाटक्या कडा कातरून सरळ करू नका, जशा आहेत तशाच आत झाकल्या जाऊ द्या. ठिगळाची कड आत मुडपत, बारीक लपता टाका घालत फिरा. दोऱ्याला गाठ मारायची नाही. गाठ मऊ कापडातून आरपार निघून येते आणि भोक ठेवून जाते. सुरुवातीला आणि शेवटी दोन उलट टाके एकावर एक घातले की दोरा बसतो. मग ठिगळावरून जुन्याच वाटेने धावदोरा घाला. जुनी रेघ ठिगळाच्या एका कडेला शिरते आणि दुसऱ्या कडेला बाहेर येते, तुम्ही फक्त मधलं अंतर जोडायचं. टाका ओढून घट्ट करायचा नाही. टाका घातल्यावर त्या जागेवरून तळवा फिरवा, कापड पाण्यासारखं सपाट लागलं पाहिजे. चुणी लागली तर तिथे दोरा सैल करा.

जिथे कापडाची पूड होतेय तिथे ठिगळ शिवू नका. त्या भागावर पातळ मऊ जाळी किंवा अगदी विरळ मलमल पसरा आणि तिला भोवतालच्या धड कापडात टाचा. खालचं कापड दिसतं आणि गळत नाही.

गेलेल्या कोपऱ्यांसाठी एक हातरुमालाएवढा चौकोन तिरका दुमडून त्रिकोण करा आणि कोपऱ्याला टोपीसारखा दोन्ही बाजूंनी घाला. सगळी कडच गेली असेल तर गोट लावा, पट्टी उरेप, म्हणजे कापडाच्या विणीला तिरकी कापलेली हवी म्हणजे वळणावर ओढत नाही. सरळ कडेच्या गोटाला लुगड्याचे काठ उत्तम, विणीने घट्ट असतात.

ठिगळाचा रंग जुन्यासारखाच शोधायच्या मागे लागू नका. काही लोकांना ठिगळ दिसू नये असं वाटतं. मला वाटतं ते दिसावं. तुमच्या ठिगळावरून उद्या तुमच्या सुनेला कळेल की इथे तुमचा हात फिरलाय. सासूबाई कदाचित म्हणतील, कशाला ते दळिद्र जपतेस. त्यांच्या वयाच्या पुष्कळ बायका असं म्हणतात, कारण रजई परवडत नव्हती म्हणून वाकळ होती, हे त्यांनी सोसलंय. त्यांच्याशी वाद घालू नका. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे, ठिगळांच्या त्या पांघरुणावरूनच, एवढं मात्र जरूर सांगा. माझ्याकडे आलेल्या एक आजी ते ऐकून गप्प झाल्या आणि मग स्वतःच ठिगळाला कापड काढून घेऊन आल्या.

मशीनबद्दल विचारलंत. जुन्या वाकळीला मशीन लावू नका. मशीनचा टाका वरखाली दोन दोऱ्यांनी आवळतो आणि एका सरळ रेषेत जवळजवळ भोकं पाडतो. पोस्टाच्या तिकिटांमध्ये भोकांची रेघ असते तशी. पुढे ती त्याच रेषेवर फाटते. शिवाय मशीनचे दाते खालचं कापड ओढून नेतात, पायाखाली दाबलेलं वरचं मागे राहतं, आणि चुण्या पडतात. नव्या धड सुती साड्यांची गोधडी मशीनवर शिवून देणारे आहेत, रोज वापरायला ती चांगलीच असते. पण ती कडक राहते. हाताच्या टाक्याची गोधडी अंगावर पडते, मशीनची अंगावर ठेवल्यासारखी राहते.

नव्या गोधडीचं गणित लुगड्यातच आहे. नऊवारी म्हणजे नऊ वार. एक वार तीन फुटांचा, आणि माणसाला पांघरायला सहा फूट लांबी पुरते. म्हणजे एका नऊवारीतून दोन-दोन वारांचे चार पदर निघतात आणि वरचा एक वार गोटाला आणि कोपऱ्यांना उरतो. पन्हा चार फुटांच्या आसपास असतो. एक लुगडं, एक माणसाची गोधडी. सहावारीतून तीन पदर निघतात, तेव्हा दोन साड्या घ्या. साड्या सुतीच हव्यात. सासूबाईंच्या कपाटात सिंथेटिक जास्त असतील. त्या घाम पीत नाहीत, आणि पदर एकमेकांवरून घसरतात म्हणून टाका सरळ पडत नाही. अगदी आठवणीची असेल तर तिचा लहान तुकडा वर ठिगळासारखा लावा, भर म्हणून घालू नका. जरीचा पदरही आत नको, जर टोचते आणि शेजारचं कापड घासते.

मधले विरलेले भाग आत, धड भाग वर आणि खाली. काठ आधी काढून घ्या. काठाची वीण घट्ट असते, तो आत राहिला तर तिथे उंचवटा येतो आणि त्या उंचवट्यावरच वरचं कापड झिजतं. जमीन पुसून पदर एकावर एक अंथरा, दोघी समोरासमोर बसून ओढून सपाट करा, मग हातभर अंतरावर मोठे कच्चे टाके घाला. मग कोपऱ्यातून सुरुवात. सुई एका वेळी तीन-चार टाके घेऊन वर येते. खालच्या हाताच्या बोटाला सुईचं टोक लागलं की समजायचं, सगळे पदर धरले गेले. पहिले आठ दिवस ते बोट दुखतं. वरच्या बोटाला अंगुस्तान घाला, पण खालचं बोट मोकळंच ठेवा.

चार बाय सहा फुटांची गोधडी, रेघांमध्ये बोटाचं म्हणजे दोनेक सेंटिमीटरचं अंतर, तर टाक्याची एकूण वाट साधारण ११२ मीटर होते. माझा हात तासाला चार मीटर चालतो. दुपारचा दीड तास रोज दिला तर तीन आठवड्यांत गोधडी हातावेगळी होते. तुमचा हात नवा आहे, दोन महिने धरा. सासूबाईंच्या साड्या पुरल्या तर तीन गोधड्या करा, नणंदांना आणि तुम्हाला एकेक. जुनी वाकळ अख्खीच ठेवा आणि तीन घरांत फिरती ठेवा, एका दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत. माझ्याकडे येणाऱ्या दोन कुटुंबांनी असं केलंय. ज्या घरी वर्ष संपतं त्या घराने लागेल ते सांधून मग पुढे द्यायची.

नव्यांपैकी एखादं दुपटं तान्ह्यासाठी करणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डांबरगोळ्यांत ठेवलेलं कापड बाळाला लावू नका. काही बाळांना जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाची कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात आणि बाळ गंभीर आजारी पडतं. वाकळीसाठीही मी डांबरगोळ्या वापरत नाही. वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवते. पण कापड खाणाऱ्या कसरीपासून खरं राखण उघडून बघण्याने होतं. दर तीन महिन्यांनी वाकळ बाहेर काढायची, झटकायची, आणि घडी बदलून ठेवायची. त्याच घडीवर वर्षानुवर्षं ठेवली तर कापड घडीवर मोडतं. घडीत जुन्या धोतराची गुंडाळी घातली तर घडीला गोलाई येते. बाहेरून धुतलेलं पांढरं सुती कापड गुंडाळा, आणि भिंतीला न लागणाऱ्या वरच्या कप्प्यात ठेवा. तिच्यावर काही रचू नका.

वाकळ नुसती ठेवून द्यायची की वापरायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. सांधून झाल्यावर थंडीतल्या चार रात्री वापरा, वर सुती चादर घेऊन. रोज नको. वापरली जाते ती वाकळ हातात येते, बघितली जाते, फाटली तर वेळेत कळते. विसरलेली वाकळ कसर खाते.

आणि हे काम या आठवड्यातच करा, कारण त्याला ना सुई लागते ना दोरा. वाकळ पलंगावर पसरा, सासूबाईंना शेजारी बसवा आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे कुणाचं. त्या बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करा. एक तुकडा त्यांच्या हळदीच्या पातळाचा निघेल, एक दिराच्या सदऱ्याचा, एक कुणाचा ते आठवणार नाही. मग पांढऱ्या मांजरपाटाची तळहाताएवढी पट्टी घ्या आणि गावाचं नाव, आजेसासूबाईंचं नाव, माहीत असेल तर साल, दोऱ्याने भरा. शाई पसरते आणि पुढे कापड खाते, म्हणून पेनाने लिहायचं नाही. ती पट्टी मागच्या बाजूला, कडेपाशी, चार टाक्यांनी लावा. खाली जागा मोकळी सोडा, दुरुस्ती करणाऱ्याचं नाव पुढे घालत जाता येईल.

राहिली घर बदलायची गोष्ट. सामान बांधायला माणसं येतील त्याच्या आदल्या दिवशी वाकळ पांढऱ्या कापडात गुंडाळून तुमच्या स्वतःच्या हातातल्या पिशवीत घाला. खोक्यात घालू नका, खोक्यावर खोकं चढतं आणि भाड्याच्या घरात महिनोन्‌महिने उघडलं जात नाही. तिथे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच एकदा उलगडा. कपाट ज्या भिंतीला लावलंय ती ओली आहे का ते हात लावून बघा, आणि ओली असली तर वाकळ बेडरूममधल्या खुर्चीवर राहिली तरी चालेल.